एका ओढीला एक

लेव्हर्न ओप्डालच्या तळघरात दोन यंत्रं आहेत,
दोन्ही विकायची. गुडघे गेले, म्हणतो,
आणि वृद्धांच्या त्या नव्या घरात दारू ठेवू देत नाहीत,
कसलीच. स्वतःच हसतो, मग खोकतो.

पहिलं माझ्याकडे आहे तसलंच, एकेरी.
रिकामं काडतूस हातानं एका घरातून दुसऱ्या घरात सरकवायचं,
जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू, वॅड, छर्रे,
शेवटी तोंड मुडपायचं.
इतक्यांदा दांडा ओढावा तेव्हा कुठं एक.

दुसरं गोल फिरणारं.
प्रत्येक घरात एक काडतूस, प्रत्येकाचं काहीतरी अर्धवट,
आणि दांडा एकदा ओढला
की सगळ्यांचंच एक पाऊल पुढे पडतं
आणि शेवटचं, भरलेलं, घरंगळत खाली येतं.
एका ओढीला एक.

लेव्हर्नला विकता येत नाही. दोष आधी सांगतो.
एकेरीत चुकलीस तर एक वाया जाईल,
इथं एक घर चुकलं की सगळी पंगत उठवावी लागते.
आणि बोलत बोलत चालवायचं नाही,
रेडिओसुद्धा नाही.

मी तेलकट दांड्यावर हात ठेवून उभी.
गुरुवारच्या क्लबला माझी शंभर काडतुसं लागतात.
शंभर मातीच्या तबकड्या, त्यातल्या नव्वद फुटतात,
वारा नसला तर. इथं वारा नसतो कधी?

शंभर भरायला दोघांची एक संध्याकाळ जायची.
इव्हर वॅड ठेवायचा, दांडा माझा.
पंधराव्या वर्षी ते पोर माझ्याशी बोलेना,
पण हात गुंतलेले असले
आणि तोंडाकडे बघायची सक्ती नसली
की काहीबाही निसटायचं.
पिकअपचा दिवा कुणी फोडला, ते विसाव्या काडतुसाला.
त्याचा बाप ओमाहात दुसरं लग्न करतोय,
हे मला बावन्नाव्याला कळलं.
त्रेपन्नाव्यात मी दारू दोनदा घातली की काय
या शंकेनं ते बाजूला ठेवलं.
अजून खिडकीत आहे. उडवत नाही, फोडत नाही.

तेव्हाही फिरणारं यंत्र घ्यायचं मनात होतं.
कॅटलॉगचं पान दुमडून ठेवलेलं.
दर वर्षी म्हणायचे, पैसे नाहीत.
पैसे होते.

आता इव्हर बिस्मार्कला, पवनचक्क्या दुरुस्त करायला शिकतोय.
त्याच्या स्टुलावर गेल्या हंगामाची बिलं आहेत.
फेब्रुवारीत डकोटाची संध्याकाळ पाचलाच येऊन बसते
आणि उठायचं नाव घेत नाही.

लोक विचारतात, तासाला किती निघतात?
मी विचारलं, शंभर किती लवकर संपतात?
लेव्हर्ननं चष्म्यावरून पाहिलं
आणि किमतीतले चाळीस डॉलर कमी केले.
नसते केले तर बरं झालं असतं.

रविवारी बाकाला चार बोल्टांनी आवळलं.
पहिली सोळा घड्याळासारखी.
सतराव्याला एक घर रिकामंच गेलं,
छर्रे सांडले ते थांबेचनात,
बाकावरून बुटांत, बुटांतून जमिनीवर,
कोळशाच्या जुन्या शेगडीखाली.

गुडघ्यावर बसून मी चुंबक फिरवत होते
तेव्हा फोन आला. गाडीच्या टायरचं विचारायला.
काय करतेयस, म्हणाला. सांगितलं.
पलीकडे जरा शांतता,
मग, आई, शिशाला चुंबक लागत नाही.

माहीत होतं गं मला. तीस वर्षं माहीत आहे.
मी म्हणाले, हो का?
आणि फोन कानाखाली दाबून
एकेक वेचायला लागले.